उपकाराची भाषा : सुइ सिन फार हिच्या कथा

सन १९१२ मध्यें शिकागो येथील मॅक्लर्ग या प्रकाशकांनीं 'मिसेस स्प्रिंग फ्रेग्रन्स' या नांवाचा एक इंग्रजी कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिकेचें टोपणनांव सुइ सिन फार; खरें नांव एडिथ मॉड ईटन. दोनच वर्षांनीं, १९१४ त, माँट्रिअल येथें ती वारली, आणि तिच्या पाठोपाठ तिचें पुस्तकहि विस्मृतींत गेलें. १९९५ मध्यें इलिनॉय विद्यापीठानें त्याची नवी आवृत्ति काढली, तेव्हांपासून अमेरिकेंतील विद्यापीठांत त्याचा अभ्यास होतो. चिनी लोकांवर त्या देशांत झालेल्या अन्यायाचें चित्र म्हणून हें पुस्तक वाचण्याचा प्रघात आहे, व तो योग्यहि आहे. परंतु या कथांत आणखी एक प्रश्न गुंतलेला आहे. ख्रिस्ती मिशनांनीं परदेशांतून आलेल्या या लोकांस इंग्रजी शिकविण्याचें जें कार्य आरंभिलें, त्याचा त्यांच्या घरांत काय परिणाम झाला, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखांत त्याच एका अंगानें या कथांचा विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमि ध्यानांत घेतल्यावांचून या कथांचें मर्म कळावयाचें नाहीं. चीनमध्यें राहून कँटनची बोली शिकलेला विल्यम स्पीअर हा प्रेसबिटेरियन पाद्री १८५३ त सॅन फ्रॅन्सिस्को येथें चिनी लोकांचें चर्च स्थापन करिता झाला. मेथडिस्ट पंथाच्या ओटिस गिब्सन यानें १८७० त तेथेंच मिशनचें घर उभारलें. सायंकाळच्या व रविवारच्या शाळा हें या मिशनांचें एक मोठें साधन. दिवसभर धुलाईच्या दुकानांत किंवा कोणाच्या तरी स्वयंपाकघरांत राबलेला तरुण सायंकाळीं वर्गांत येई, अक्षरें व व्यवहारांतलीं वाक्यें शिके, आणि त्यांबरोबर बायबलांतील वचनें व स्तोत्रें म्हणे. शिकविणाऱ्या बहुतेक बायका असत. स्पीअरसारखें चिनी भाषेचें ज्ञान त्यांना नसे. विद्यार्थ्याला भाषा हवी होती, शाळेला त्याचा आत्मा हवा होता. हा व्यवहार उभय पक्षांस ठाऊक होता, आणि भाषा पदरांत पडतांच विद्यार्थी दिसेनासा होतो ही मिशनऱ्यांची तक्रारहि जुनीच आहे.

तथापि एक गोष्ट निःपक्षपातानें सांगितली पाहिजे. १८७१ पासून १८८५ पर्यंत सॅन फ्रॅन्सिस्कोच्या सरकारी शाळांचीं दारें चिनी मुलांस बंद होतीं. मेमी टेप या मुलीच्या आईबापांनीं न्यायालयांत दाद मागितली, तेव्हां कोठें तीं उघडलीं, आणि तीं सुद्धां वेगळ्या काढलेल्या शाळेचीं. १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांस त्या देशांत येण्याचीच बंदी झाली; चिनी लोकांना वगळण्याचे हे कायदे १९४३ त रद्द झाले. चिनी माणसाला हांकलून द्या अशी ओरड चोहोंकडे चालली असतां, त्याला बसावयास बांक व हातांत पुस्तक देणारी जागा बहुधा मिशनची शाळा हीच होती. उपकार खरा होता. म्हणूनच त्याची परीक्षा करणें अवघड आहे.

सुइ सिन फार हिला ही शाळा आंतून ठाऊक होती. तिचा जन्म १८६५ त इंग्लंडांतील मॅकल्सफील्ड येथें झाला. बाप इंग्रज, आई चिनी, पण इंग्रजी शिक्षणांत वाढलेली. आपल्याला मातृभाषेंतले मोजके शब्दच येतात असें तिनें १९०९ त लिहिलेल्या आत्मचरित्रपर लेखांत सांगितलें आहे. सिअ‍ॅटल येथें राहत असतां तिनें चिनी मिशनच्या शाळेंत शिकविलें, आणि आपण विद्यार्थ्यांना दिलें त्याहून अधिक त्यांच्यापासून घेतलें असें पुढें नमूद केलें. आईची भाषा गमावलेली मुलगी आईच्या देशबांधवांना बापाची भाषा शिकवीत होती! तिच्या कथांतील मिशनची बाई कधींच खलनायिका होत नाहीं, याचें कारण येथें सांपडतें.

संग्रहांतील सर्वांत समर्थ कथा 'नव्याचें शहाणपण' ही होय. वू सांक्वेइ हा तरुण चीनमधून अमेरिकेंत येतो, व्यापारांत स्थिर होतो, आणि सात वर्षांनीं बायको पाउ लिन व मुलगा येन यांस बोलावून घेतो. मध्यंतरीं मिसेस डीन या विधवेनें त्याच्यावर आईसारखी माया केलेली असते. चिनी तरुणांची उन्नति हेंच तिनें आपलें जीवितकार्य मानलें आहे. तिच्या नात्यांतील अदा चार्लटन ही तरुणीहि त्याची स्नेही. नवऱ्याच्या जिभेवर चढलेली भाषा बायकोला येत नाहीं, व ती शिकण्याची तिला इच्छाहि नाहीं. मुलगा मात्र ती झपाट्यानें उचलतो, आणि बापाला त्याचें कौतुक वाटतें. आईच्या कानांवर ते शब्द पडतात, तेव्हां परकी भाषा ऐकूं येण्यापूर्वीं परकी स्त्री डोळ्यांपुढें उभी राहते. एके दिवशीं बाप मुलाची शेंडी कापून आणतो. आई ते केस उचलून पेटींत जपून ठेवते. पुढें मुलाला अमेरिकन शाळेंत घालावयाचें ठरतें. शाळेच्या आदल्या रात्रीं पाउ लिन त्याला विष देते, आणि नव्याच्या शहाणपणापासून आपण त्याला वांचविलें अशा समजुतीनें स्वस्थ बसते.

हा शेवट ओढूनताणून आणलेला आहे काय? प्रथम वाचनीं तसें वाटतें. कथानक अडलें कीं लेखकानें विषाची कुपी काढावी, ही युक्ति आपल्याकडील वाचकांसहि अपरिचित नाहीं. परंतु कथा पुन्हां वाचली म्हणजे असें दिसतें कीं, पाउ लिनला तिचें मत कोणीं मनापासून विचारलें असें एकहि स्थळ तींत नाहीं. तिला वाचतां येत नाहीं, म्हणून सात वर्षांत नवऱ्यानें तिला स्वतंत्र पत्र धाडलेलें नाहीं. मिसेस डीन तिच्याविषयीं बोलते. तिच्याशीं बोलण्याचें साधनच तिच्यापाशीं नाहीं. अदा चार्लटनला धोक्याची चाहूल लागते, पण ती उशिरां, आणि तिचें बोलणेंहि इतरांपाशींच होतें. मुलाच्या शाळेचा, केसांचा, जिभेचा निर्णय दुसऱ्यांनीं केलेला आहे. जिचा शब्द घरांत चालत नाहीं तिच्या हातीं कृति तेवढी उरते, आणि ती कृति भयंकर असते. शोकांतिकेस लागणारी अपरिहार्यता ती हीच. लेखिका पाउ लिनचें समर्थन करीत नाहीं. घरांत दुष्ट माणूस एकहि नाहीं, आणि तरी मूल मेलें, एवढेंच ती वाचकापुढें ठेवते.

'स्वतंत्रांच्या भूमींत' या कथेंत हाच प्रश्न अधिक आटोपशीर रीतीनें येतो. लेइ चू आपलें दोन वर्षांचें मूल घेऊन सॅन फ्रॅन्सिस्कोच्या बंदरांत उतरते. मुलाचे कागदपत्र नाहींत म्हणून अधिकारी तें ठेवून घेतात, व मिशनच्या बालगृहाच्या स्वाधीन करितात. दहा महिने हुकूम येत नाहीं. वकिलाचे पैसे भागविण्यासाठीं आई अंगावरचे दागिने काढून देते. अखेर ती मुलाला आणावयास जाते, तों तें नव्या कपड्यांत व नव्या नांवानें पुढें येतें, तिला ओळखीत नाहीं, मिशनच्या बाईच्या झग्याआड लपतें, आणि इंग्रजींत तिला दूर जाण्यास सांगतें. मिशननें त्याला खाऊं घातलें, न्हाऊं घातलें, बोलावयास शिकविलें. यांत निष्ठुरपणा कोठेंच नाहीं. लेखिका कथा तेथेंच थांबविते, हें तिच्या संयमाचें द्योतक आहे.

'पॅट आणि पॅन' ही कथा या कथेच्या जोडीनें वाचावी. चिनी कुटुंबांत वाढलेला एक गोरा मुलगा मिशनच्या बाईच्या दृष्टीस पडतो. हा चिनीच बोलतो याचें तिला दुःख होतें, म्हणून ती त्याला शाळेंत घालविते. धडे मात्र त्याची चिनी बहीण पॅन हीच भराभर पाठ करिते. पुढें पॅटला गोऱ्या कुटुंबाकडे देण्यांत येतें, आणि अखेर तो सोबत्यांच्या देखत पॅनला झिडकारतो. एका कथेंत चिनी मूल, दुसरींत गोरें. दोन्हींत नवी भाषा शेवटीं आपल्याच माणसाला दूर लोटण्याच्या कामीं येते.

या कथांत दोष नाहींत असें नाहीं. चिनी पात्रांच्या तोंडीं घातलेली इंग्रजी पुष्कळदां फुलोऱ्याची आहे. पौर्वात्यांनीं असेंच बोलावें अशी तत्कालीन अमेरिकन वाचकाची जी अपेक्षा, तिला ती बळी पडलेली दिसते. 'पाउ त्सूचें अमेरिकीकरण' या कथेंत नवरा बायकोवर अमेरिकन पोशाख, भाषा व चालीरीति लादतो, आणि ती घर सोडून जाते. परंतु लेखिका तिला लगोलग शोधून काढून गोड शेवट करिते, त्यामुळें उभा केलेला प्रश्न तसाच राहतो. याहून मोठी उणीव दुसरी आहे. भाषा शिकतां शिकतां ज्याला खरोखर श्रद्धा लाभली असा विद्यार्थी या संग्रहांत ठळकपणें कोठेंच उभा राहत नाहीं. असे लोक होते. लहानपणीं कॅलिफोर्नियांत आलेला ह्युइ किन पुढें न्यूयॉर्क येथें चिनी प्रेसबिटेरियन चर्चचा पाद्री झाला. अशा माणसाच्या अंतःकरणांत शिरण्याचें लेखिकेनें टाळलें, म्हणून मिशनच्या कार्याचें तिचें चित्र खरें असूनहि पूर्ण नाहीं.

मराठी वाचकास या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या इतिहासांत पाहावयास मिळते. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ त मुंबईस आले, तेव्हां प्रथम त्यांनाच मराठी शिकावी लागली. १८५४-५५ त रूफस अँडर्सन व त्याचा सहकारी यांनीं बोर्डाच्या हिंदुस्थानांतील मिशनांची पाहणी केली, आणि इंग्रजी शाळांपेक्षां लोकभाषेवर भर द्यावा असें धोरण घालून दिलें. पुढें याच अमेरिकन मराठी मिशनच्या छायेंत नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती भजनें अस्सल मराठी भक्तीचें वळण घेऊन जन्मास आलीं. मराठी शिकणारा पाद्री आपल्या लोकांत चुकतमाकत बोलला. त्याची चूक ऐकून हंसण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला होता. पाउ लिनपुढें मिसेस डीनला एकहि चूक करावी लागली नाहीं, कारण ती तिच्या भाषेच्या उंबऱ्याच्या आंत कधीं आलीच नाहीं. दोन ठिकाणच्या उपकारांत अंतर पडलें तें येथें.

मग परक्याला भाषा शिकवूंच नये काय? तसें लेखिकेचें म्हणणें नाहीं, हें संग्रहाच्या नायिकेवरून स्पष्ट होतें. मिसेस स्प्रिंग फ्रेग्रन्स ही इंग्रजी इतकी चटकन् शिकते कीं, आतां हिच्यासाठीं शिकावयाचा शब्दच उरला नाहीं असें तिच्या नवऱ्याला वाटतें. 'कनिष्ठ स्त्री' या कथेंत ती अमेरिकन लोकांवर एक पुस्तक लिहावयाचें ठरविते, आणि गोऱ्या शेजारणींचें संभाषण टिपून घेऊं लागते. प्रसंग विनोदी आहे, पण त्यांतला अर्थ गंभीर आहे. जिच्याविषयीं आजवर इतरांनीं अहवाल लिहिले, ती आतां त्यांच्याविषयीं लिहूं पाहते. लेखिकेनें स्वतः तरी दुसरें काय केलें? ज्या इंग्रजीनें तिच्या आईची भाषा तिच्यापासून हिरावली, त्याच इंग्रजींत तिनें पाउ लिन व लेइ चू यांचें मौन वाचकाला ऐकविलें.

भाषादानाची कसोटी आमच्या मतें येथें लागते. शिकलेला माणूस त्या भाषेंत केवळ आभार मानूं शकतो, कीं शिकविणाऱ्यास 'नको' असेंहि म्हणूं शकतो? पाउ लिनला 'नको' म्हणावयाचें होतें. तें तिच्या भाषेंत कोणीं ऐकलें नाहीं, आणि दुसरी भाषा तिच्यापाशीं नव्हती. आजहि अनेक देशांत चर्चच्या सभागृहांत निर्वासितांसाठीं व नव्यानें आलेल्या लोकांसाठीं इंग्रजीचे वर्ग भरतात, व तेथें शिकविणारीं माणसें बहुधा सद्‌हेतूनेंच येतात. त्यांनीं हें लहानसें पुस्तक अवश्य वाचावें. तें वाचून त्यांचा उत्साह मावळेल असें आम्हांस वाटत नाहीं. वर्गास न आलेल्या आईची चौकशी करण्याची बुद्धि मात्र त्यांना खचित होईल.