रुब्लेवने काय वगळले

तीन देवदूत मेजाभोवती बसले आहेत आणि मेजावर एकच पात्र आहे. आंद्रेई रुब्लेवच्या ‘त्रैक्य’ या चित्रात पाहायला गेले तर एवढेच आहे. १४२ सेंटिमीटर उंच आणि ११४ सेंटिमीटर रुंद अशा लाकडी फळीवर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी, पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत एका रशियन संन्याशाने ते रंगवले. देव एक आहे आणि तरीही तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहे, हा ख्रिस्ती धर्मातला सर्वांत अवघड सिद्धान्त. तो ज्याला ग्रंथांतून उमगला नाही त्याने या फळीसमोर शांतपणे वेळ घालवावा, असे मला मनापासून वाटते.

हा सिद्धान्त एका बैठकीत ठरलेला नाही. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणत होता की पुत्र कितीही थोर असला तरी तो पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणून पित्याहून कमी आहे. इसवी सन ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मसभेने हे मत नाकारले, पण वाद मिटला नाही. पुत्र पित्याच्याच तोडीचा आहे, असे ठासून सांगणाऱ्या अथानासियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. कॉन्स्टंटिनोपलमध्ये तर बाजारातले दुकानदारही पिता-पुत्राच्या नात्यावर हुज्जत घालत, असे निस्साच्या ग्रेगरीने नोंदवून ठेवले आहे. ३८१ च्या धर्मसभेत पवित्र आत्म्याचे स्थान स्पष्ट झाले. पुढे हा आत्मा फक्त पित्यापासून येतो की पुत्रापासूनही, या प्रश्नाने पूर्व आणि पश्चिम चर्चमध्ये तेढ वाढवली. १०५४ च्या फुटीमागे जी कारणे होती त्यांत हेही एक होते.

चित्रकाराच्या हाती या वादांतले काही नव्हते. त्याच्यापाशी होती एक गोष्ट. उत्पत्तीच्या पुस्तकात मम्रेच्या झाडांपाशी भर उन्हात अब्राहाम तंबूच्या दारात बसला असताना तिघे जण येतात. तो धावत जाऊन त्यांना थांबवतो, पाय धुवायला पाणी मागवतो, सारा भाकरी भाजते, वासरू कापले जाते. तुम्हाला मुलगा होईल, असा शब्द पाहुणे देतात आणि म्हातारी सारा आतल्या आत हसते. कथेत हे पाहुणे कधी तीन असतात, तर कधी बोलणारा एकटा परमेश्वर असतो. ख्रिस्ती भाष्यकारांना त्यात त्रैक्याची पूर्वखूण दिसली.

रोममधल्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये पाचव्या शतकातले आणि रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चमध्ये सहाव्या शतकातले मोझेक आहे. दोन्हींत ही गोष्ट साग्रसंगीत सांगितली आहे. रावेन्नात अब्राहाम ताट घेऊन वाकला आहे, सारा दारात उभी आहे, पाहुण्यांपुढे भाकरी मांडल्या आहेत. पुढच्या बायझंटाइन चित्रांत मेज आणखी भरत गेले. काहींत खालच्या बाजूला वासरू कापणारा नोकरही दिसतो.

रुब्लेवने हे सगळे काढून टाकले. अब्राहाम नाही, सारा नाही, भाकरीही नाहीत. ही त्या चित्राची सर्वांत मोठी कृती आहे. यजमान गेल्याबरोबर पाहुणचाराची गोष्ट संपते आणि उरते ते तिघांचे आपापसातले नाते. सुमारे अकराशे वर्षे धर्मपंडित ज्या नात्यासाठी शब्द शोधत होते, ते या रिकाम्या जागेत दिसू लागते.

आता नजर हळूहळू फिरवावी. उजवीकडच्या देवदूताने मान खाली घातली आहे, मधल्याने मस्तक डावीकडे कलवले आहे आणि डावीकडचा जवळजवळ ताठ बसून दोघांचा तो नमस्कार स्वीकारतो आहे. खांद्यांच्या आणि पंखांच्या रेषा मिळून एक वर्तुळ होते. ते कुठेही आखलेले नाही, तरी नजर त्यातच फिरत राहते. उजवीकडचा डोंगर आणि मागचे झाडही त्याच दिशेने झुकले आहे. चेहरे इतके सारखे की वयाचा किंवा दर्जाचा फरक सापडत नाही. आरियसला याहून सौम्य उत्तर कोणी दिले नसेल. प्रत्येकाच्या अंगावर कुठे ना कुठे निळा रंग आहे. मधल्याचा निळा झगझगीत आहे आणि त्याच्या आतला अंगरखा गडद तांबडा. डावीकडच्याचा निळा फिक्या गुलाबी आवरणाखालून जेमतेम डोकावतो, उजवीकडच्याचा हिरव्या झग्याशेजारी उजळतो. एकच रंग तिघांत आणि तिघांत वेगळा.

यांतला पिता कोण आणि पुत्र कोण? बहुतेक अभ्यासक डावीकडे पिता, मध्ये पुत्र, उजवीकडे पवित्र आत्मा मानतात. काहींच्या मते मधला पिता आहे. चित्रकाराने हे सांगितले नाही यात मला त्याचा मोठेपणा दिसतो. एकाला वेगळे काढून नाव दिले की वर्तुळ तुटते.

पात्रात वासराचे डोके आहे. कथेतली मेजवानी इथे बलिदान होते आणि मेज ख्रिस्तप्रसादाची वेदी होते. मधल्या देवदूताचा हात त्या पात्रावर आशीर्वाद देतो. बाजूच्या दोन देवदूतांच्या आतल्या कडा खालपर्यंत पाहत गेले तर मोकळ्या जागेचाच एक मोठा प्याला तयार होतो आणि मधला देवदूत त्या प्याल्यात बसलेला दिसतो. पायांखालच्या पादपीठांच्या रेषा दूर जाताना जवळ येत नाहीत, उलट फाकतात. त्यामुळे चित्राची खोली मागे पळत नाही, पाहणाऱ्याकडे येते. मेजाची पुढची बाजू रिकामी आहे. तिथे पाहणारा उभा असतो.

ही शांतता सुखाच्या काळातली नव्हती. रादोनेझच्या सर्गियसने जंगलात मठ बांधून तो त्रैक्याला अर्पण केला. जगातल्या वैराची भीती त्रैक्याकडे पाहून जिंकावी, हा त्यामागचा हेतू होता, असे परंपरा सांगते. १३९२ मध्ये सर्गियस वारला आणि १४०८ मध्ये येदिगेईच्या तातार फौजेने तो मठ जाळला. शिष्य निकोनने तो पुन्हा उभारला आणि सर्गियसच्या स्मरणार्थ हे चित्र तिथे लागले. जळलेल्या जागी उभे राहून एखाद्याने इतके निर्वैर चित्र काढावे, याने मी दर वेळी थक्क होतो.

नंतरच्या शतकांत भक्तांनी त्यावर मौल्यवान धातूचा पत्रा चढवला, पुन:पुन्हा रंग चढले, धुराने वार्निश काळवंडले. १९०४ मध्ये वासिली गुर्यानोव्हने पत्रा काढून सफाई सुरू केली, तेव्हा हा निळा लोकांना दिसला. सोनेरी पार्श्वभूमी बरीचशी गेली आहे आणि पत्र्याच्या खिळ्यांच्या खुणा अजून आहेत.

ज्या चित्राने जुनी चाल मोडली, त्यालाच चर्चने पुढे नियम केले. १५५१ च्या मॉस्कोतल्या ‘स्तोग्लाव’ सभेने ठरवले की त्रैक्य रंगवावे ते जुन्या ग्रीक चित्रकारांप्रमाणे आणि रुब्लेवप्रमाणे. नियम पाळला गेला, पण काय पाळायचे ते हरवले. १६७१ मध्ये सिमोन उशाकोवने त्रैक्य रंगवले. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. त्यातले तिघे रुब्लेवच्याच ठेवणीत बसले आहेत, माना तशाच कललेल्या आहेत. मागे मात्र रोमन धाटणीची भव्य कमान आली आहे, चेहऱ्यांना छायाप्रकाशाचा गोलवा आला आहे आणि मेज पुन्हा सुंदर भांड्यांनी भरून गेले आहे. उशाकोवचा हात कुशल होता आणि त्याची श्रद्धा खरी होती, तरी त्याच्या भांड्यांवर नजर अडते आणि ते नाते दिसायचे राहून जाते.