क्रिस्तपुराणातील पहिला प्रश्न

पेडणे तालुक्यातील चोपडे गावच्या तीरावर उभे राहिले म्हणजे शापोरा नदीपलीकडे बारदेशातील शिवोली दिसते. नदी एकच, परंतु दोन्ही तीरांचा धार्मिक इतिहास निराळा. बारदेश आणि दक्षिणेकडील साष्टी हे महाल १५४३ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले व पुढे तेथे जुनी देवळे, ग्रंथ व आचार यांवर बंदी आली. पेडणे १७८८ मध्ये त्या राज्यास जोडले गेले, तेव्हा तेथील लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. मत बदलणे आणि मत बदलावयास लावणे यांतील अंतर या नदीच्या काठी सहज ध्यानात येते.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ वाचताना हे अंतर आम्ही विसरू शकत नाही. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूने साष्टीत दीर्घकाळ सेवा केली. त्यांचा हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. ग्रंथाच्या प्रारंभी एक बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण पाद्रीस विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास तसे काही का देत नाही?

या प्रश्नाची स्तुती बहुधा ग्रंथरचनेचे निमित्त म्हणून केली जाते. आमच्या मते त्याचे महत्त्व अधिक आहे. धर्मप्रश्नोत्तरे पाठ करवून घेतली म्हणजे शिकवण पुरी झाली, अशी तेव्हाची सर्वसाधारण रीत होती. विद्यार्थ्याने गुरूची ही समजूत अपुरी असल्याचे दाखवून दिले, आणि गुरूने ते मानले! जे पुराण त्याच्या मंडळीने निषिद्ध ठरविले, त्याच पुराणाची भाषा, ओवी व श्रोता-वक्ता संवादाची पद्धत त्याने स्वीकारली. म्हणजे या काव्यात पहिले मतांतर होते ते श्रोत्याचे नव्हे, तर वक्त्याचे. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायाशी याचे नाते आहे. कर्नेल्याच्या घरी पेत्र शिकवावयास जातो; परंतु त्यापूर्वी यापो येथे त्याच्याच जुन्या समजुतीस धक्का बसलेला असतो.

तथापि गुणग्रहण करताना दोष झाकणे हे समीक्षेचे काम नव्हे. जुनी पुराणे का बंद केली, या मूळ प्रश्नाला स्टीफन्स हात घालीत नाहीत. काव्यातील श्रोते मधूनमधून शंका विचारतात, परंतु वक्त्यापाशी प्रत्येक शंकेचे उत्तर तयार असते. ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणून कोणी उठून जाऊ शकत नाही. ज्या प्रदेशात १५६० पासून धर्मन्यायासन होते, तेथे तसे म्हणण्याची किंमत भारी होती. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘होय’ची पारख करणे कठीण असते. या मर्यादेपुढे कवीची करुणाही अपुरी पडते.

पुढे १६८४ मध्ये सरकारने स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला. स्टीफन्स जे शिकले होते, ते सत्ता शिकली नाही. ग्रंथ मात्र हस्तलिखितांतून टिकला. १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला.

आज आमच्या मंडळ्यांत कोणताही राजाचा हुकूम नाही. तरीही शब्बाथशाळेत एखाद्या तरुणाने अवघड प्रश्न केला म्हणजे आम्ही त्याच्या विश्वासाविषयी चिंता व्यक्त करतो. आपल्या शिकवणीविषयी क्वचितच करतो. ‘क्रिस्तपुराणा’चा पहिला अवस्वरू अशा वेळी पुन्हा वाचावा. त्या ब्राह्मणाचा प्रश्न उद्धटपणा मानला गेला असता, तर हे काव्य लिहिलेच गेले नसते. प्रश्न ऐकून स्वतःची रीत तपासणे ही श्रद्धेची हानी नसून तिची साधना आहे, हे प्रथम आम्हां शिक्षकांनी शिकले पाहिजे.