खोली रचणाऱ्याची नियत

डूम हा गोळीबाराचा खेळ आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. १० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीनं तो काढला. खेळणारा बंदूक घेऊन एका तळावर शिरतो, समोर येणारे राक्षस मारतो, किल्ल्या शोधतो, दार उघडून बाहेर पडतो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. मग त्यावर समीक्षा काय करायची, असं आमच्या मंडळात एकीनं विचारलंच. मी म्हटलं, गोष्टीची नाही करायची, घराची करायची. हा खेळ तिशी उलटून गेल्यावरही जिवंत आहे तो त्यातल्या राक्षसांमुळे नाही, लोकांनी स्वतः रचलेल्या लेव्हल्समुळे. कंपनीनं खेळाचं यंत्र वेगळं ठेवलं आणि नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं 'वॅड' नावाच्या फाइलीत वेगळं ठेवलं. त्यामुळे १९९४ पासूनच घरोघरची पोरं आपापल्या लेव्हल्स करायला लागली, आणि अजून करताहेत.

यातली एक आमच्या घरातली. माझी पुतणी बेळगावला इंजिनिअरिंगला आहे, तिनं आमचा निपाणीकडचा जुना वाडा डूममध्ये बांधला. (नवशिक्यानं पहिली लेव्हल म्हणून स्वतःचं घर करायचं, ही त्या जगातली जुनीच रीत आहे. तिथले जुने लोक असल्या लेव्हल्सना हसतातही.) वाडा आता विकला गेला, तिथं गाळे उभे आहेत. पण म्हणून मी तिच्या लेव्हलला सूट देणार नाही. आठवण चांगली असली म्हणून रचना चांगली होत नाही.

आधी चांगली रचना कशी असते ते बघू. खेळाची पहिली लेव्हल, 'हँगर', जॉन रोमेरोची. सुरुवातीच्याच भागात खिडकी आहे. खिडकीतून बाहेरचं अंगण दिसतं आणि अंगणात निळं चिलखत दिसतं. दिसतं, पण तिथं जायची वाट दिसत नाही. ती पुढे एका लपवलेल्या भिंतीमागे सापडते. एक शब्द न बोलता रोमेरोनं सांगून टाकलं, की या घरात डोळे उघडे ठेवून चाला, भिंतीलाही हात लावून बघा. पुढच्या दालनात हिरव्या विषारी पाण्यावरून नागमोडी वाट आहे आणि पलीकडच्या उंचवट्यावरून इंप नावाचे राक्षस आगीचे गोळे टाकतात. गोळा सावकाश येतो, दिसतो, बाजूला होता येतं. पहिल्याच पाहुण्याला असा मार द्यायचा की तो चुकवायला शिकेल. रोमेरोचे लेव्हल रचण्याचे नियम प्रसिद्ध आहेत: जमिनीचा पोत बदलला की उंचीही बदलायची, उजेड-अंधाराचा फरक ठेवायचा, आणि खेळणाऱ्याला फिरवून त्याच जागी पुन्हा आणायचं, म्हणजे ती जागा त्याच्या डोक्यात घर करते.

सँडी पीटरसनच्या लेव्हल्स एवढ्या देखण्या नाहीत. काही तर सरळ कुरूप आहेत. पण डोकं त्याचं जास्त चालतं, हे माझं मत. १९९४ च्या डूम दोनमधली त्याची 'ट्रिक्स अँड ट्रॅप्स' घ्या. पहिल्याच खोलीत आठ दारं. त्यातल्या एका दारामागे सायबरडेमन, चार हजार ताकदीचा, आणि त्याच्याबरोबर हजार-हजार ताकदीच्या बॅरन राक्षसांचा घोळका. हातात नुसतं पिस्तूल असेल तर लढायचा प्रश्नच नाही. पण एकाचा मारा चुकून दुसऱ्याला लागला की या खेळात राक्षस आपापसात भिडतात. तेव्हा दार उघडायचं, त्यांच्या मधे येऊन बाजूला सरकायचं, आणि गंमत बघत उभं राहायचं. याच्याकडे मी परत येणार आहे, कारण आपल्या दृष्टीनं खरी अडचण इथंच आहे.

तोल म्हणजे काय, ते आता हिशेबानंच सांगते. आपल्याला पंगतीचा हिशेब कळतो, तर हाही कळेल. इंपची ताकद ६०, गुलाबी डेमनची १५०. शॉटगनच्या एका काडतुसात सात छर्रे, सगळे लागले तर सरासरी ७० चा मार. माझ्या पुतणीनं सोप्यात सहा इंप आणि दोन डेमन ठेवलेत. एकूण ताकद ६६०. कागदावर दहा काडतुसं पुरतात. पण कागदावर कुणी खेळत नाही. छर्रे पसरतात, इंपला बऱ्याचदा दोन लागतात, डेमनला तीन. खरा खर्च पंधरा-सोळाचा. तिनं ठेवलेली शॉटगन आठ काडतुसं देते आणि चार-चारच्या दोन पुड्या, म्हणजे नेमकी सोळा. पाहुणे मोजून पोळ्या लाटल्यासारखं झालं हे. एक नेम चुकला की माणूस उपाशी. तिथं वीसची पेटी हवी.

बरं, पाहुणा कुठून येतो हेही बघायला लागतं. डूममध्ये एक लेव्हल संपवून पुढे गेलात तर जमवलेली हत्यारं बरोबर येतात. मेलात तर तीच लेव्हल पिस्तूल आणि पन्नास गोळ्यांवर पहिल्यापासून. म्हणजे एकाच दारातून एक जेवून आलेला शिरतो आणि एक दिवसभराचा उपाशी. दोघांनाही पुरं पडेल आणि दोघांनाही कंटाळा येणार नाही असं रांधायचं, ही लेव्हल करणाऱ्याची खरी परीक्षा. शिवाय प्रत्येक राक्षस आणि प्रत्येक वस्तू सोप्या, मधल्या की कठीण खेळात दिसावी, याच्या तीन वेगळ्या खुणा करायच्या असतात. आळशी करणारा तिन्ही खुणा सरसकट लावून मोकळा होतो. लेव्हल कुणाची आहे हे बघायच्या आधी मी या खुणा बघते. ज्यानं सोपं खेळणाऱ्यासाठी वेगळा विचार केला नाही, त्याला फक्त आपल्यासारख्यांचीच पंगत बसवायची आहे.

डारिओ आणि मायलो कसाली या दोन भावांनी 'प्लुटोनिया' केली, १९९६ ची. तिची कीर्ती मोठी, आणि कारागिरी आहेच. पण मला ती पटत नाही. तिथं चेनगनवाले शिपाई उंच कट्ट्यांवर जागोजागी पेरलेत. त्यांच्या गोळ्या इंपच्या गोळ्यासारख्या उडत येत नाहीत, झाडल्या की लागल्या. चुकवायचा प्रश्न नाही, आडोसा असला तर वाचाल. एखाद्या ठिकाणी असं ठेवणं म्हणजे मसाला. वारंवार ठेवलं की खेळणाऱ्याच्या हातात कौशल्य उरत नाही, फक्त पाठांतर उरतं: कुठला कोपरा, कितवं पाऊल, कुठे दबून बसायचं. पट्टीचे खेळाडू यावर माझ्याशी भांडतील. त्यांनी भांडावं. मारणाऱ्याला संधी आणि मरणाऱ्याला सूचना, हे दोन्ही ज्या खोलीत नाही ती कठीण नसते, नुसती दुष्ट असते. रोमेरोनंच पुढे २०१९ मध्ये 'सिजिल' ही नऊ लेव्हल्सची नवी मालिका काढली. अंधार, लाव्हावरच्या अरुंद वाटा, गोळी मारल्यावर वाट उघडणारे भिंतीतले डोळे. ती कठीणच आहे, पण डोळा भिंतीतून तुमच्याकडे बघत असतो. सांगून ठेवलंय.

आता तो अडचणीचा भाग. यशोधर राजाची कथा आपल्यात सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या कन्नडमध्ये जन्न कवीनं ती तेराव्या शतकात लिहिली. राजानं जिवंत कोंबडा मारायला नकार दिला, आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा केला, त्याच्यावर तलवार चालवली, आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी मायलेकांना किती जन्म फिरावं लागलं. डूमचे राक्षस पिठाचेच आहेत. पीटरसन मॉर्मन पंथाचा श्रद्धाळू माणूस, त्याला राक्षस मारण्यात अडचण वाटली नाही, कारण ते दुष्ट आहेत आणि चित्रातले आहेत. मला हे उत्तर पुरत नाही. पीठ आहे म्हणून सुटका नाही, हेच तर ती कथा सांगते. पण म्हणून पुतणीला 'बंद कर' म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण तिचे तासन् तास मारण्यात जात नाहीत. ते पायरीची उंची किती, दिवा कुठं, थकलेल्याला औषधाची पेटी कुठं सापडावी यात जातात. भाव बघायचा तर दोन्हीकडचा बघायला हवा.

आणि एक गोष्ट मला तिच्याकडूनच कळली. डूमच्या वेगवान खेळाच्या विक्रमांत 'पॅसिफिस्ट' म्हणून एक जुना प्रकार आहे. एकाही राक्षसाला इजा न करता लेव्हल पार करायची. ऐकून मला आनंद झाला, लपवत नाही. मग नियम नीट विचारले. राक्षस आपापसात लढून मेले तर चालतं म्हणे. म्हणजे पीटरसनच्या त्या दारापाशी बाजूला सरकून उभं राहिलेला माणूसही अहिंसक ठरतो! आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद लहानपणीच पाठ होतात. हा नियम पहिल्यावरच थांबला. मी पुतणीला म्हटलं, तुझ्या वाड्यात मला तिन्ही टाळून बाहेर पडता यायला हवं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही तर सगळ्यात अवघड लेव्हल मागताय." मागतेय खरी.

तर या कसोटीवर तिचा वाडा. माडी तिनं सोप्याच्या वर ठेवलेली नाही, कारण मूळ डूममध्ये खोलीवर खोली बांधताच येत नाही. जिना चढलं की माडी परसाच्या बाजूला सरकलेली सापडते. वाडा पाहिलेल्यांना खटकेल, मला चाललं. देवघर रिकामं ठेवलंय, एकही राक्षस नाही, फक्त २५ ची औषधाची पेटी. हे उत्तम. माजघरात रॉकेट लाँचर ठेवलाय, तो काढायला हवा. एवढ्या लहान खोलीत रॉकेट जवळच्या भिंतीवर फुटलं की मारणाराच भाजतो. मोठी चूक परसाकडच्या बोळात आहे. बोळ तिनं खऱ्या मापाचा, ६४ एकक रुंदीचा ठेवलाय, आणि त्यात एक डेमन. डेमनची रुंदी ६०, खेळणाऱ्याची ३२. बेरीज ९२. ६४ च्या बोळात त्याला मारल्याशिवाय कुणी पुढे जाऊच शकत नाही. आमचा बोळ अरुंद होता हे खरं, आम्हीही समोरून कुणी आलं की पाठ भिंतीला लावूनच उभ्या राहायचो. तरी तिनं तो १२८ करावा, नाहीतर त्या डेमनला अंगणात सोडावं.