‘इन्सान’ : ऐकण्यापूर्वीच झालेला निवाडा

पुण्याचा रॅपर एम. सी. स्टॅन, म्हणजेच अल्ताफ शेख, याचा ‘इन्सान’ हा दुसरा अल्बम २०२२ साली प्रसिद्ध झाला. अशा विषयास येथे जागा का द्यावी, असे काही वाचक विचारतील. हडपसरमधील रामटेकडी-वैदुवाडीची तरुण मुले हा गायक ऐकतात, त्याच्यासारखे केस वाढवितात, त्याच्यासारखे बोलतात. आणि त्यांचे आईवडील, ज्यांत आमच्या वाचकांपैकीही अनेक असतील, तो गोंगाट आणि शिवराळपणा म्हणून बाजूस सारतात. मुलांचा स्वीकार आणि वडिलांचा नकार हे दोन्ही रचना नीट ऐकण्यापूर्वीच ठरून गेले आहेत, असे आम्हांस वाटते.

हडपसरहून सोलापूर रस्त्याने पुणे स्टेशनकडे यावे, तर स्टेशनला लागून मुळा-मुठेच्या बाजूस ताडीवाला रोडची दाट वस्ती लागते. स्टॅन तेथला. लहानपणी तो कव्वाली गात असे. २०२० सालच्या पहिल्या अल्बमला त्याने ‘तडीपार’ हे नाव दिले. हा शब्द वस्त्यांतील माणसास कोशात पाहावा लागत नाही. १९५१ च्या पोलीस अधिनियमान्वये एखाद्यास दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालविता येते, हे तेथे शाळकरी मुलासही ठाऊक असते. (विनयातील पब्बाजनीय कम्म हे जवळपास असेच. चुल्लवग्गात किटागिरीहून अस्सजि-पुनब्बसुकांच्या अनुयायांना घालवून दिले, त्यांच्या दोषांच्या यादीत नाचगाणेही आहे. योगायोग एवढाच, त्यावरून कोणताही सिद्धान्त काढावयाचा नाही.) हद्दीबाहेर घालविलेल्याचे नाव धारण करून आलेला गायक दुसऱ्या खेपेस ‘इन्सान’ म्हणून उभा राहतो, हा क्रम आम्हांस लक्षणीय वाटतो. ‘माणूस’ हा दलित साहित्याचा मध्यवर्ती शब्द. त्याचा उर्दू पर्याय शिरोभागी लावणारा कलावंत कळत-नकळत मोठी जबाबदारी पत्करतो.

प्रथम भाषेविषयी. ती हिंदी म्हणवते, पण तिचा कणा पुणेरी वस्तीचा आहे. ‘शाणा’, ‘शेमडी’ हे शब्द मराठीतून गेलेले आहेत. या भाषेस असभ्य म्हणणाऱ्यांनी ‘गोलपिठा’ आठवावा. १९७२ साली नामदेव ढसाळांचा तो संग्रह आला, तेव्हा त्यास विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती आणि अनेक शब्द आपणांस कळत नाहीत हे त्यांनी तीत मोकळेपणाने मान्य केले होते. न कळणाऱ्या शब्दापाशी थांबून त्याचा अर्थ विचारावा, ही रीत त्या प्रस्तावनेने घालून दिली. स्टॅनच्या वाट्यास असा वाचक आला नाही. मात्र तुलना येथेच थांबते. ढसाळांची शिवी व्यवस्थेच्या तोंडावर फेकलेली होती. ‘इन्सान’मधील शिवी बहुधा प्रतिस्पर्ध्याकडे, दुस्वास करणाऱ्याकडे, क्वचित दगा दिलेल्या प्रेयसीकडे जाते. शब्द एकाच गल्लीतले असले तरी त्यांचा रोख निराळा आहे.

रचनेच्या अंगाने पाहता हा अल्बम पहिल्याहून अधिक गेय आहे. स्टॅन आपले संगीत बहुतांशी स्वतःच बांधतो. खालच्या पट्टीतील जड ठोका आणि यंत्राने वळविलेला आवाज यांतून तो एक प्रकारचा कण्हता सूर काढतो. कव्वालीचा संस्कार येथे, स्वर लांबविण्याच्या रीतीत, कानास जाणवतो. यांत्रिक आवाजास नाके मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. त्या आवाजात एकटेपणा आहे आणि तो खरा आहे. भीमराव कर्डकांच्या जलशात किंवा वामनदादांच्या गाण्यात मागे झील धरणारे असत आणि समोरचा समाज ध्रुपद उचलून धरी. येथे झीलकरी नाहीत. गायकाच्या मागे त्याचाच आवाज दुहेरी होऊन येतो. पैसा आला, नाव झाले, तरी विश्वास कोणावर ठेवावा, हा या ‘इन्सान’चा प्रश्न आहे. एका मुलाचा म्हणून तो प्रश्न हृदयस्पर्शी आहे. वस्तीचा म्हणून तो अपुरा आहे.

आणि एका ठिकाणी तो केवळ अपुरा नाही, खोटा ठरतो. या गाण्यांतील स्त्री एक तर आई असते, नाही तर तुच्छतेची वस्तू. ज्या वस्तीचा अभिमान गायक मिरवितो, ती वस्ती पहाटे धुणीभांड्यास जाणाऱ्या स्त्रियांच्या कष्टांवर उभी आहे. त्यांची मुलगी ‘शेमडी’ आणि आपण तेवढे ‘इन्सान’, हा हिशेब आम्हांस मान्य नाही. वस्तीची भाषा हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. वस्तीच्या भाषेत आदराचेही शब्द आहेत.

खेद याचा की, अल्बमच्या स्वागतात हा आक्षेप जवळजवळ ऐकू आला नाही. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी स्टॅनने ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व जिंकले. अमरावतीचा शिव ठाकरे दुसरा आला. बक्षीस ३१ लाख ८० हजार रुपयांचे. त्यानंतर आमच्या वाचनात आलेल्या मजकुरात त्याच्या गळ्यातील साखळीची आणि ८० हजारांच्या जोड्यांची चर्चा अधिक, गाण्यांची कमी. पुढच्याच महिन्यात इंदूर येथे करणी सेनेच्या कार्यकर्त्यांनी मंचावर चढून त्याचा कार्यक्रम बंद पाडला. कारण शिव्यांचे सांगितले गेले. एप्रिलमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित झालेल्या दुसऱ्या एका तरुणाच्या रॅपवर अश्लीलतेसाठी गुन्हा नोंदला गेला. त्याच महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे आणि मुंबईचा उमेश खाडे यांच्यावरही गुन्हे दाखल झाले, परंतु त्यांची गाणी राज्यातील सत्तांतरावर आणि जनतेच्या हलाखीवर होती. शिवी देणारा आणि सवाल करणारा, दोघांनाही एकाच रांगेत उभे केले गेले. आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांनीही ‘ही रॅपवाली पोरे’ एवढ्या एका शब्दात चौघांचा निकाल लावला.