पक्ष आणि वृत्ती : ‘अलाइनमेंट’ ह्या संज्ञेची चिकित्सा

एखाद्या माणसाचे नैतिक तत्त्वज्ञान नऊ चौकटींपैकी एका चौकटीत बसविता येईल काय, हा प्रश्न सकृद्दर्शनी पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या अमेरिकन खेळातील नऊ नावे त्या खेळाच्या मर्यादा ओलांडून केव्हाच बाहेर पडली आहेत. कादंबऱ्यांतील पात्रे, इतिहासातील व्यक्ती आणि अखेरीस स्वतःची नीती ह्यांचे वर्णन करण्यासाठी ती सर्रास वापरली जातात. ‘माझे नैतिक तत्त्वज्ञान कोणत्या अलाइनमेंटशी जुळते?’ असा प्रश्न सुशिक्षित तरुण गंभीरपणे विचारतात. प्रस्तुत लेखात त्या खेळाची नालस्ती करण्याचा हेतू नाही. एका पारिभाषिक संज्ञेचा अर्थ कसा सरकला आणि त्यामुळे नीतीच्या चर्चेतील कोणती गोष्ट दृष्टीआड झाली, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

ज्यांना ह्या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. काही खेळाडू एकत्र बसतात. प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. एक सूत्रधार प्रसंग सांगतो. खेळाडू आपले पात्र काय करील ते बोलून दाखवितात आणि संदिग्ध कृतींचा निर्णय फाशांनी होतो. पात्र निर्माण करताना त्याचे बळ, बुद्धी इत्यादींबरोबर त्याची ‘अलाइनमेंट’ही ठरवावी लागते. तिचे दोन अक्ष आहेत. पहिला नियमाचा : लॉफुल, न्यूट्रल, केऑटिक, दुसरा साधुत्वाचा : गुड, न्यूट्रल, ईव्हिल. मराठीत आपण त्यांना अनुक्रमे नियमनिष्ठ, तटस्थ, स्वैर आणि सुष्ट, तटस्थ, दुष्ट असे म्हणू. तीन गुणिले तीन अशा नऊ जोड्या होतात.

आता इतिहास पाहू. मुळात ‘अलाइनमेंट’ म्हणजे रांगेत उभे करणे, एखाद्या बाजूस लागणे. हा अर्थ येथे आगंतुक नाही. ह्या खेळाचा उगम लुटुपुटीच्या लढायांत आहे. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन ह्यांच्या ‘चेनमेल’ ह्या 1971 मधील नियमपुस्तिकेच्या अद्भुतविषयक पुरवणीत कोणते योद्धे व प्राणी नियमाच्या बाजूने, कोणते अराजकाच्या बाजूने आणि कोणते अलिप्त, अशी याद्यांची मांडणी होती. 1974 मध्ये गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ सिद्ध केला तेव्हाही बाजू तीनच होत्या. नियम विरुद्ध अराजक हा विश्वव्यापी संघर्ष पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक ह्यांच्या अद्भुत कथांतून आलेला होता. 1976 मध्ये गायगॅक्स ह्यांनी ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकात लेख लिहून सुष्ट-दुष्ट हा दुसरा अक्ष स्वतंत्रपणे मांडला. 1977 च्या प्राथमिक संचात पाच अलाइनमेंट आल्या आणि 1978 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये नऊ चौकटी पूर्ण झाल्या.

ह्या सात वर्षांत शब्द तोच राहिला. अर्थ मात्र बदलला. प्रथम त्याचा अर्थ ‘पक्ष’ असा होता : तू कोणाच्या बाजूने लढतोस? नंतर त्याचा अर्थ ‘वृत्ती’ असा झाला : तू कसा आहेस? आणि आज ज्या अर्थाने तो स्वतःस लावला जातो तो तिसराच आहे : तू कोणत्या तत्त्वाने वागतोस? पक्ष, वृत्ती आणि तत्त्व ह्या तीन भिन्न कोटी आहेत. एकाच पक्षात भिन्न वृत्तीची माणसे असतात आणि एकाच वृत्तीची माणसे परस्परविरुद्ध तत्त्वे मानतात. तीन अर्थ एका शब्दात सामावले की त्यांतील भेद बोलणाऱ्याच्या ध्यानातून निसटतो.

मूळचा ‘पक्ष’ हा अर्थ किती खोलवर होता ह्याचा एक पुरावा भाषाभ्यासकास विशेष उद्बोधक वाटावा. जुन्या नियमांप्रमाणे प्रत्येक अलाइनमेंटची स्वतःची अशी एक भाषा असे. नियमनिष्ठ-सुष्ट पात्रे एकमेकांशी त्या भाषेत बोलू शकत. 1978 च्या नियमांनुसार एखाद्या पात्राने अलाइनमेंट बदलली की पूर्वीची भाषा त्याला बोलता येईनाशी होई. परक्या अलाइनमेंटची भाषा शिकण्याची मुभा मारेकऱ्याचा व्यवसाय करणाऱ्या पात्रांपुरतीच होती. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ही कल्पना वगळण्यात आली.

ही कल्पना भाषाशास्त्रीय दृष्ट्या टिकणारी नाही हे उघड आहे. जी बोलणाऱ्याचे मन पालटताच जिभेवरून नाहीशी होते आणि जिच्यात परक्याला खोटे बोलणेही शक्य नाही, ती भाषा नव्हे; ती खूण होय. सैनिकाच्या गणवेशाची वा पहाऱ्यावरील परवलीच्या शब्दाची जी जात, तीच तिची जात. भाषेचे लक्षणच असे की तिच्यात सज्जन आणि दुर्जन दोघेही बोलू शकतात, किंबहुना दोघांत वाद होऊ शकतो. ‘अलाइनमेंटची भाषा’ वाद करण्यासाठी नव्हती, ओळख पटविण्यासाठी होती. ती वगळली गेली. परंतु आज कोणी ‘मी स्वैर-सुष्ट आहे’ असे म्हणतो तेव्हा तो बहुधा तीच भाषा बोलत असतो. तो युक्तिवाद करीत नाही, खूण दाखवितो.

चौकटीच्या रचनेकडे वळू. वर्णविचाराच्या अभ्यासकाला ही रचना ओळखीची वाटेल. याकोबसन, फांट आणि हॅले ह्यांनी 1952 मध्ये भेदक लक्षणांची जी पद्धती मांडली, तीत ध्वनींचे वर्णन मोजक्या लक्षणांच्या असण्या-नसण्याने केले जाते. मराठीतील क, ख, ग, घ हे चार वर्ण घोष आणि प्राण ह्या दोन लक्षणांनी पूर्णपणे वेगळे होतात. कडी, खडी, गडी, घडी ह्या शब्दांत एक लक्षण पालटले, दुसरे तसेच ठेवले, की निराळा शब्द मिळतो. लक्षणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे येथे प्रयोगाने सिद्ध होते.

अलाइनमेंटचे दोन अक्ष असे स्वतंत्र आहेत काय? खेळात ते व्याख्येनेच स्वतंत्र आहेत. नैतिक तत्त्वज्ञानात मात्र ते तसे राहत नाहीत. दोन उदाहरणे पुरेशी आहेत. कांटने 1785 च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात चांगल्या संकल्पाचे जे विवेचन केले आहे त्यानुसार नैतिक नियमाविषयीच्या आदरातून कर्म करणे ह्यातच त्या संकल्पाचे चांगलेपण आहे. म्हणजे त्याच्या ठिकाणी नियम आणि साधुत्व हे दोन अक्ष नाहीतच. एकच अक्ष आहे. शिवाय तो नियम राजाने वा रूढीने घातलेला नव्हे, तर विवेकाने स्वतःच स्वतःस घालून दिलेला. मग कांटच्या अनुयायास कोठे बसवावे? खुन्याने विचारले तरी खोटे बोलू नये असे 1797 मध्ये प्रतिपादणारा हा तत्त्वज्ञ नियमनिष्ठ दिसतो. परंतु आपल्या विवेकाहून वरचढ अधिकार न मानणाऱ्यास खेळाडूंपैकी पुष्कळ जण स्वैर म्हणतील. दुसरे उदाहरण बेंथमचे. 1789 च्या ग्रंथात त्याने कृतींची आणि कायद्यांची कसोटी सुखाच्या वृद्धीत ठेवली. त्याच्या दृष्टीने नियम हे साधन आहे. त्याला स्वतंत्र मूल्य नाही. येथे पहिला अक्ष दुसऱ्यात विरून जातो.

ह्यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. नऊ चौकटींचा हा पट सर्व नैतिक तत्त्वज्ञानांचा नकाशा नाही. नियम आणि साधुत्व ही दोन समान दर्जाची, परस्परनिरपेक्ष आणि प्रसंगी परस्परविरोधी मूल्ये आहेत, असे तो गृहीत धरतो. हे गृहीतकृत्य हेच एक नैतिक तत्त्वज्ञान आहे. त्यामुळे जो आपले तत्त्वज्ञान ह्या पटावर ‘जुळवून’ पाहतो, तो नकळत स्वतःचे तत्त्वज्ञान सोडून पटाचे तत्त्वज्ञान स्वीकारतो आणि मग त्यातली आपली जागा शोधतो.

‘नियमनिष्ठ’ ह्या एकाच शब्दात काय काय कोंबले आहे हे पाहावयाचे तर त्याचे मराठी भाषांतर करून पाहावे. कायद्याला धरून वागणारा, रीतीभातीला धरून वागणारा, शिस्तीचा आणि शब्दाचा पक्का, हे चार निरनिराळे माणूस आहेत. दस्तऐवजाच्या अक्षरन् अक्षराला चिकटून ऋणकोचे घर जप्त करविणारा सावकार कायद्याला धरून आहे. जकात चुकवून माल आणणारा, पण दिलेला शब्द जिवावर बेतला तरी न मोडणारा, हा शब्दाचा पक्का आहे. ह्यांपैकी ‘लॉफुल’ कोण? इंग्रजी संज्ञा हा प्रश्न झाकते. मराठी तो उघडा करते. उलटपक्षी ‘धर्म’ हा आपला शब्द नियम आणि साधुत्व ह्यांची अशी गुंफण करतो की ‘धर्मनिष्ठ परंतु दुष्ट’ ही जोडी उच्चारताच कानाला खटकते. एका भाषेत जे दोन अक्ष सहज सुटे वाटतात ते दुसरीत सुटे होत नाहीत. नऊ चौकटी ही मानवी नीतीची सार्वत्रिक रचना नसून विशिष्ट शब्दांच्या आधाराने उभी राहिलेली मांडणी आहे, असे म्हणण्यास एवढा आधार पुरे आहे.

ह्याच अमेरिकेच्या इतिहासातील एक प्रसंग ही अडचण अधिक स्पष्ट करील. एप्रिल 1963 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग ह्यांना बर्मिंगहॅम येथे निदर्शनांवरील न्यायालयीन मनाई मोडल्याबद्दल अटक झाली. तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी असे प्रतिपादन केले की अन्याय्य कायदा उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा पत्करण्याच्या तयारीने मोडणारा माणूस कायद्याविषयी सर्वोच्च आदरच व्यक्त करीत असतो. हाच विचार गांधीजींनी 1922 च्या अहमदाबाद येथील खटल्यात न्यायाधीशाकडे कमाल शिक्षेची मागणी करून आचरला होता. किंग नियमनिष्ठ की स्वैर? दोन्ही उत्तरांच्या बाजूने बोलता येईल आणि तो वाद न संपणारा ठरेल. कारण तो किंग ह्यांच्याविषयीचा वादच नव्हे. तो ‘नियम’ ह्या शब्दाच्या अर्थाचा वाद आहे. किंग ह्यांच्या पत्रातील खरा विचार, म्हणजे न्याय्य व अन्याय्य कायद्यांतील फरक कसा ओळखावा हा, त्या वादात कोठेच येत नाही.

‘तटस्थ’ ह्या मधल्या घराची स्थितीही अशीच आहे. त्यात निदान तीन भिन्न अर्थ एकत्र आले आहेत. पहिला, नैतिक विचाराची शक्तीच नसणे; 2014 च्या पाचव्या आवृत्तीने अशा प्राण्यांसाठी अलाइनमेंटरहित असा निराळा वर्ग केला, हे योग्यच झाले. दुसरा, दोन्ही टोकांत जाणीवपूर्वक समतोल राखणे. 1989 च्या आवृत्तीतील उदाहरणात शत्रू नामशेष होण्याच्या बेतास येताच बाजू पालटू शकणारा पुरोहित आहे. तिसरा, सामान्य माणसाची प्रसंगाप्रसंगाने चालणारी वागणूक. लक्षणाचा अभाव, लक्षणांचा समतोल आणि लक्षणाची अनिश्चितता ह्या तीन गोष्टी एकाच शून्याने दाखविणे कोणत्याही वर्गीकरणात दोषास्पद होय. ‘मी तटस्थ’ म्हणणाऱ्याने ह्यांपैकी काय सांगितले हे ऐकणाऱ्यास कळत नाही आणि पुष्कळदा सांगणाऱ्यासही कळलेले नसते.

शेवटचा मुद्दा पुरुषाचा, म्हणजे व्याकरणातील पुरुषाचा. अलाइनमेंटची विशेषणे तृतीय पुरुषासाठी घडलेली आहेत. खेळाच्या जगात दुष्टपणा ही बाहेरून पाहता येणारी वस्तुस्थिती आहे. जुन्या नियमांत पॅलॅडिन नावाचा धर्मयोद्धा तो ओळखू शकतो. सूत्रधार ‘तो राक्षस दुष्ट आहे’ असे म्हणतो तेव्हा ते साधे विधान असते. परंतु ‘मी दुष्ट आहे’ हे वाक्य प्रथम पुरुषात विधान राहत नाही. ते पश्चात्ताप होते, बढाई होते किंवा थट्टा होते. कोणतेही नैतिक तत्त्वज्ञान स्वतःस दुष्ट म्हणवून घेत नाही. स्वार्थाचे समर्थन करणाऱ्या आयन रँड ह्यांनीदेखील 1964 च्या आपल्या पुस्तकाच्या नावातच स्वार्थाला सद्‌गुण म्हटले. ‘दुष्ट’ हे नाव नेहमी दुसऱ्याने ठेवलेले असते. म्हणजे स्वतःचे तत्त्वज्ञान प्रामाणिकपणे जुळवू पाहणाऱ्यापुढे नऊ चौकटी नसतातच. तीन आधीच बाद झालेल्या असतात. ‘सुष्ट’ हे घर तर प्रत्येक जण आपलेच समजतो.

मग ही योजना निरर्थक समजावी काय? मुळीच नाही. खेळात तिचे काम स्पष्ट आहे : पात्र कसे वागेल ह्याची खेळाडूस दिशा देणे आणि सूत्रधारास भराभर निर्णय घेता येणे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने अलाइनमेंट पाचवर आणल्या आणि 2014 मध्ये नऊ पुन्हा आल्या, ह्यावरून खेळाडूंना ती किती सोयीची वाटते हेही दिसते. शिवाय नियम पाळणे आणि भले करणे हे दोन निराळे प्रश्न असू शकतात, एवढी जाणीव जरी ती तरुण मनात जागी करीत असली तरी तो लाभ लहान नव्हे. आज्ञाधारकपणालाच सद्‌गुण मानण्याची सवय लागलेल्या समाजात ‘नियमनिष्ठ-दुष्ट’ ही जोडी डोळे उघडणारी आहे.

आक्षेप आहे तो चौकटीला उत्तर मानण्यावर. नैतिक तत्त्वज्ञान म्हणजे आपल्या वागण्याची कारणे दुसऱ्यापुढे मांडणे, आणि ती चुकीची ठरल्यास बदलण्याची तयारी ठेवणे. चौकटीत ‘कारण’ ह्या शब्दाला जागा नाही. समान चौकटीत बसलेले कांटवादी आणि बेंथमवादी आपण एका मताचे आहोत अशा समजुतीने बोलणेच थांबवितात; भिन्न चौकटींत बसलेले दोघे आपला मतभेद स्वभावगत आहे असे समजून वाद सोडून देतात. दोन्ही प्रकारे विचार खुंटतो. म्हणून ज्याला आपली चौकट शोधावयाची असेल त्याने प्रथम ‘मी असे वागतो, कारण’ हे वाक्य पुरे करावे. ते वाक्य पुरे झाल्यावर त्याला एखादी चौकट जुळली तर खुशाल जुळू द्यावी. ते पुरे होत नसेल तर चौकटीने त्याला आपल्या बाजूचे कोण एवढेच सांगितले. आपली बाजू बरोबर का, हे सांगण्याचे काम त्याच्याकडेच राहिले.