फोटोतला गुरू आणि आकाशातला गुरू

विषय हौशी खगोल-छायाचित्रणाचा आहे. असा विषय जाहीर झाला की निम्मी मंडळी ‘कुठली दुर्बीण घ्यावी’ हा प्रश्न खिशात घालूनच येतात. त्याचं उत्तर मध्ये कुठेतरी ओझरतं येईल. आज आम्हाला बोलायचंय ते फोटो वाचण्याबद्दल. सिनेमाची समीक्षा होते, गाण्याच्या मैफिलीची होते, गुरूच्या फोटोची होत नाही. फोटो दाखवला की ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’ असे शब्द येतात, मग उपकरणांची किंमत विचारली जाते आणि विषय संपतो. फोटोत जे दिसतंय ते दुर्बिणीत खरोखर आलं होतं का, हे कुणी विचारत नाही. आमच्या मते समीक्षेची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

कुणी म्हणेल, हौसेचा मामला आहे, एवढं कशाला ताणता? म्हणून एक उदाहरण घेऊ. 19 जुलै 2009. ऑस्ट्रेलियात मरमबेटमन नावाचं गाव आहे, तिथे अँथनी वेस्ली आपल्या घराच्या आवारातून साडेचौदा इंची परावर्ती दुर्बिणीने गुरूचे व्हिडिओ घेत होते. हवा फार काही चांगली नव्हती. मध्ये अर्धा तास ते आत जाऊन टीव्हीवर गोल्फ आणि क्रिकेट बघून आले. (हशा.) परत येऊन बघतात तर गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग. उपग्रहाची सावली असेल का? स्थान जुळेना, वेग जुळेना. डाग गुरूबरोबरच फिरत होता. त्यांनी लगेच जगभर निरोप पाठवले, आणि दुसऱ्याच दिवशी हवाईतल्या नासाच्या अवरक्त दुर्बिणीने दाखवलं की तिथे काहीतरी आदळलंय. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे 1994 च्या जुलैत गुरूवर पडले होते, त्याला बरोबर पंधरा वर्षं झाली होती.

आता वेस्लींचा तो फोटो समीक्षकाच्या नजरेने बघा. सुंदर म्हणावा असा नाही. कडा मऊ आहेत, रंग फिके आहेत. पण त्यात एकही गोष्ट अशी नाही की जी प्रकाशाबरोबर आली नव्हती, म्हणून त्या काळ्या डागावर विश्वास ठेवता आला. समजा हेच गृहस्थ दर रात्री फोटो इतका ओढूनताणून ‘शार्प’ करत असते की जागोजागी काळे ठिपके उमटावेत. मग या एका ठिपक्याची दखल कुणी घेतली असती?

दुसरं उदाहरण रंगाचं. फिलिपिन्समधल्या सेबू शहरातून क्रिस्टोफर गो गुरूचे फोटो घेतात. गुरूवर ‘ओव्हल बीए’ नावाचं एक पांढरं वादळ होतं. ते तांबूस झालंय, हे 2006 च्या फेब्रुवारीत त्यांच्या लक्षात आलं. शहरातून, अकरा इंची दुर्बिणीतून! हे कळण्यासाठी लागली ती शिस्त. आजच्या फोटोत रंगाला जी वागणूक दिली तीच महिन्यापूर्वीच्या फोटोत दिलेली असेल, तरच ‘पांढरं होतं, आता तांबूस आहे’ असं म्हणता येतं. दर वेळी सॅच्युरेशनचा कान मनाला येईल तसा पिळणाऱ्याला ते म्हणायचा अधिकार नाही.

ग्रहांचे फोटो कसे घेतात ते थोडक्यात सांगतो, कारण खोट कुठे शिरते ते त्याशिवाय कळणार नाही. आपल्या डोक्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी सतत हलत असते. म्हणून एक फोटो न घेता व्हिडिओ घेतात. सेकंदाला 100 फ्रेम धरल्या तर दीड मिनिटात 9000 फ्रेम होतात. त्यातल्या काही फ्रेमच्या क्षणी हवा योगायोगाने स्थिर असते. सॉफ्टवेअर त्या निवडून काढतं आणि एकावर एक रचतं. वीस टक्के घेतल्या तर 1800 फ्रेम, म्हणजे नॉइज सुमारे बेचाळीस पटींनी कमी. मग दीड मिनिटच का, दहा मिनिटं का नाही? कारण गुरू थांबत नाही. तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती एक फेरी पुरी करतो. बिंबाच्या मध्यावरचा तपशील मिनिटाला साधारण पाव विकला सरकतो, आणि चौदा इंची दुर्बिणीची भेदनक्षमता आहे सुमारे एक तृतीयांश विकला. गणित तुम्हीच करा. हे फिरणं उलटं फिरवून भरून काढणारी विनजुपोससारखी सॉफ्टवेअरं आहेत, त्यांनी वेळ वाढवता येतो, आणि त्यात आम्हाला काही गैर वाटत नाही. गुरूचं फिरणं आपल्याला नेमकं माहीत आहे, त्यात अंदाजपंचे काही नाही.

खोट शिरते ती पुढच्या पायरीवर. रचलेली प्रतिमा धूसर असते. तिच्यातला तपशील वर काढायला वेव्हलेट नावाचे सरकपट्टे असतात, आणि इथे माणसाचा हात थांबत नाही! थोडं सरकवलं, पट्टे दिसले. अजून सरकवलं, पट्ट्यांत पट्टे दिसले. अजून सरकवलं की दिसतं ते सॉफ्टवेअर, गुरू नव्हे. हे ओळखायचं कसं? मंगळाच्या तेजस्वी कडेला समांतर एक काळसर साल दिसली तर समजा, ती मंगळावर नाही. दुर्बिणीत कडेपाशी प्रकाशाचं विवर्तन होतं, त्याचा माग अति शार्पनिंगने वर आलेला असतो.

शनीची कसोटी आम्हाला सर्वांत आवडते. त्याच्या कड्यांतली कॅसिनीची फट सुमारे 4700 किलोमीटर रुंद आहे, म्हणजे पृथ्वीवरून पाऊण विकला. साध्या दुर्बिणीतून ती दिसते. बाहेरच्या कड्यात एंकेची फट आहे, ती 325 किलोमीटर, म्हणजे जेमतेम एक विसांश विकला. आता आठ इंची दुर्बिणीतून घेतलेला फोटो समोर येतो आणि त्यात एंकेची फट ठसठशीत दिसते. आठ इंचीची भेदनक्षमता अर्ध्या विकलेहून थोडी जास्त. गडद बारीक रेघ भेदनक्षमतेच्या खालीही कधीकधी जाणवते, हे खरं, म्हणून लगेच ‘खोटं’ म्हणून मोकळं होऊ नका. रेघ कुठे दिसते ते बघा. कडं आपल्याला दोन टोकांना सर्वांत रुंद दिसतं. खरी फट दिसली तर तिथे, त्या टोकांनाच दिसेल, आणि ग्रहाच्या पुढून-मागून कडं अरुंद होत जाईल तशी नाहीशी होईल. फोटोतली रेघ सगळीकडे सारखीच ठळक असेल, तर ती कड्याच्या बाहेरच्या कडेने पाडलेली सावली आहे, शार्पनिंगची. एवढ्या एका निकषावर कितीतरी ‘एंके’ गळून पडतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे शिकवून तयार केलेली, कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअरं. 2023 मध्ये एका मोबाइल कंपनीच्या चंद्राच्या फोटोंवरून गाजलेला वाद आठवत असेल. कुणीतरी चंद्राचं चित्र मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर ठेवलं आणि खोलीतल्या अंधारात मोबाइलने त्याचा फोटो काढला. फोटोत विवरं आली. मूळ चित्रात ती उरलीच नव्हती! चंद्राचं एक बरं आहे, त्याचा आपल्याकडे दिसणारा चेहरा बदलत नाही, त्यामुळे आठवणीतून काढलेलं विवरसुद्धा बहुधा जागेवरच पडतं. गुरूचे ढग मात्र रोज बदलतात. तिथे आठवणीतून भरलेला तपशील म्हणजे कालच्या वर्तमानपत्रात आजची तारीख घालणं. ‘जुनो’ यानाच्या कॅमेऱ्याने कशाचे फोटो घ्यावेत हे ठरवताना हौशी लोकांनी पृथ्वीवरून घेतलेले गुरूचे फोटो वापरले गेलेत. अशा ठिकाणी कल्पनेतला ढग पोचला तर? आमचं मत स्पष्ट आहे: ग्रहाच्या फोटोवर असलं सॉफ्टवेअर वापरलं असेल तर ते चित्र म्हणून भिंतीवर लावा, निरीक्षण म्हणून पाठवू नका.

आता दूरच्या आकाशाकडे जाऊ. तेजोमेघ, दीर्घिका. इथला प्रश्न नेमका उलटा आहे. ग्रहाला प्रकाश भरपूर असतो आणि वेळ थोडा. तेजोमेघाला वेळ हवा तेवढा, प्रकाशच नसतो. सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर दुप्पट करायचं तर एक्स्पोजर चौपट लागतं. एका रात्रीच्या दुप्पट चांगला फोटो हवा, तर चार रात्री जागा. त्याला दुसरी वाट नाही, आणि म्हणूनच लोक पळवाटा शोधतात. नॉइज घालवण्याच्या नावाखाली फोटोवरून रंधा फिरवतात. मेघ मेणासारखा गुळगुळीत होतो. नॉइज गेला की तो मेघाचा तपशील होता, ते कळायला मार्ग राहत नाही. थोडी खरखर राहिलेला फोटो आम्हाला नेहमी जास्त विश्वासाचा वाटतो.

वेळ दिला की काय होतं त्याचं उदाहरण देवयानी दीर्घिकेचं. आयझॅक रॉबर्ट्स यांनी 1888 मध्ये तिचा गाजलेला फोटो घेतला. तेव्हापासून अगणित लोकांनी तिचे फोटो घेतले, हबलनेही. तरी 2023 च्या जानेवारीत ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी या हौशी मंडळींनी व्यावसायिक शास्त्रज्ञांच्या सोबतीने जाहीर केलं की दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाचा एक भलामोठा निळसर चाप आहे. दुर्बीण किती मोठी होती? यान सेंटी यांची दुर्बीण 106 मिलिमीटरची! चार इंचांच्या थोडी वर. फक्त 500.7 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावून त्यांनी रात्रीमागून रात्री एक्स्पोजर घेतलं. असा चाप पहिल्यांदा दिसतो तेव्हा शंका येणारच: भिंगातलं परावर्तन असेल, फ्लॅट फ्रेम चुकली असेल. म्हणून वेगळ्या ठिकाणांहून, वेगळ्या दुर्बिणींनी घेतलेल्या फोटोंतही तो दिसतो का हे आधी तपासलं. मग जाहीर केलं. त्या फोटोला पुढे ग्रीनिचच्या वेधशाळेच्या स्पर्धेत सर्वोच्च बक्षीस मिळालं, पण आमच्या लेखी त्याचं सौंदर्य त्या तपासणीत आहे.

रंगाबद्दल एक तक्रार. हबलचा गरुड तेजोमेघातल्या स्तंभांचा 1995 चा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. हेस्टर आणि स्कोवेन यांनी त्यात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. डोळ्याला हे असं दिसणार नाही, गंधक आणि हायड्रोजनच्या त्या दोन्ही रेषा मुळात लालच आहेत. वेगळे रंग दिले ते वायू वेगळे कळावेत म्हणून. नकाशात समुद्र निळा आणि डोंगर तपकिरी दाखवतात तसंच, आणि नकाशाला कुणी खोटा म्हणत नाही. पण हायड्रोजन सगळ्यात जास्त असल्याने असा फोटो हिरवा येतो. हिरवा मेघ लोकांना आवडत नाही. मग काय करतात? हिरवा रंग एका बटणाने काढून टाकतात, उरलेला सोनेरीकडे ढकलतात आणि खाली ‘हबल पॅलेट’ लिहितात. नकाशाचे रंग बदलले आणि सूची मात्र जुनीच ठेवली! सोनेरी मेघ जरूर करा, आम्हालाही बघायला आवडतो. पण मग त्यातला सोनेरी म्हणजे कुठला वायू, हे तुम्हालाही सांगता येणार नाही, एवढं मान्य करा.

आता खिशातला प्रश्न. एकाच दुर्बिणीत दोन्ही होईल का? होईल, आणि दोन्ही अर्धवट होईल. ग्रहांना मोठा व्यास आणि लांब नाभीय अंतर लागतं. तेजोमेघांना साठ-ऐंशी मिलिमीटरची छोटी भिंगाची दुर्बीण चालते, पण तिच्याखालचं माउंट भक्कम लागतं. आकाश सेकंदाला पंधरा विकला सरकतं, आणि माउंटने ते मिनिटामागून मिनिट बिनचूक गाठायचं असतं. पैसे आधी माउंटवर, मग दुर्बिणीवर, कॅमेऱ्यावर शेवटी. दुकानात हे उलट्या क्रमाने सांगतात.

प्रश्न आलाय: ‘पुण्या-मुंबईच्या उजेडातून काय करायचं?’ चांगला प्रश्न आहे. रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा फिल्टरने तो उजेड बराच अडवता यायचा. एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तो तसा अडत नाही. म्हणून शहरातून दीर्घिकांच्या मागे लागू नका. ऑक्सिजन-हायड्रोजनचे अरुंद पट्ट्याचे फिल्टर लावून तेजोमेघ घ्या, किंवा सरळ ग्रह घ्या. ग्रहांच्या बाबतीत आपलं भाग्य थोर आहे. 2020 च्या प्रतियुतीला गुरू विषुववृत्ताच्या 22 अंश दक्षिणेला होता. लंडनहून तो जेमतेम 17 अंश वर येत होता, पुण्याहून जवळजवळ 50 अंश. त्यांच्यापेक्षा आपल्याला मधली हवा अडीच पटींनी कमी. डेमियन पीच हे ग्रहांच्या छायाचित्रणातलं मोठं नाव, ते त्यासाठी इंग्लंडहून बार्बाडोसला जात आले. आपल्याला गच्चीवर जायचंय. पावसाळ्याचे चार महिने सोडा, पण उरलेल्या आठांत जेवढ्या रात्री मिळतील तेवढ्या, एकाच सेटिंगने, एकसारख्या प्रक्रियेने घ्या, आणि प्रत्येक फोटोखाली तारीख, जागतिक वेळ मिनिटापर्यंत, व्यास, फिल्टर आणि किती फ्रेमपैकी किती घेतल्या ते लिहा. शार्प करण्याआधीची रचलेली प्रतिमा पुसू नका. कुणी विचारलं, ‘हा ठिपका खरा का?’, तर तीच उघडून दाखवायची असते.

पुढचा प्रश्न घेऊ. मागे हात वर आहे, त्यांच्याकडे माइक द्या.