‘लाउदातो सी’मधील तरुण

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात २४६ परिच्छेद आहेत. तरुण परिवर्तनाची मागणी करीत आहेत, असे १३ वा परिच्छेद सांगतो. २०९ व्यात ते पुन्हा भेटतात. परंतु तेथे विषय त्यांच्या शिक्षणाचा आहे. मागणी करणारा विद्यार्थी होऊन बसतो, हे या थोर लेखनाचे उणेपण होय. पिढ्यांमधील न्यायाचे विवेचन १५९ व्यापासून येते खरे, पण तेथेही तरुण वारसदार आहेत, वादी नव्हेत.

पुढे घडले निराळेच. प्रशांत महासागरी बेटांवरील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये धरलेला आग्रह वानुआतुच्या सरकारने उचलला, २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो एकमताने स्वीकारला आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानरक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे मत दिले.

‘लाउदाते देउम’च्या (२०२३) ५८ व्या परिच्छेदात पोपमहोदयांनी ‘जहाल’ म्हणून हिणवलेल्या गटांची बाजू घेतली: समाजाने रिकामी सोडलेली जागा ते भरतात. हा सूर आठ वर्षे आधी लागायला हवा होता. आपण धर्मशिक्षक मात्र अद्याप १३ वा परिच्छेद वाचून थेट वृक्षारोपणाकडे वळतो.